दवाखान्याचा लॅपटॉप रोज घरी न्यावा का? डॉक्टर, कंपाउंडर, पेशंट सगळ्यांचे अनुभव हवेत

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी जनरल प्रॅक्टिस करते. दवाखाना खानापुरात, घर बेळगावात टिळकवाडीला. केसपेपरांनी भिंतभर रॅक भरली तेव्हा ओपीडीचं एक साधं सॉफ्टवेअर घेतलं, ते लॅपटॉपवर टाकलं, आणि आता तोच लॅपटॉप सकाळी दवाखान्यात आणि रात्री घरी असा माझ्याबरोबर फिरतो.

घरी आणायचं कारण म्हणजे रात्रीचे फोन. "डॉक्टरीणबाई, आईला परत चक्कर येऊलीय, ती पांढरी बारकी गोळी देऊ काय?" आता पांढरी बारकी गोळी बीपीची पण असते, शुगरची पण असते आणि चकरेची पण असते. रेकॉर्ड समोर असलं की लगेच कळतं, मागच्या वेळी बीपीची गोळी वाढवलेली आहे, मग मी आधी बसवून बीपी बघायला सांगते, किंवा सरळ बेळगावला हलवा म्हणते. रेकॉर्ड नसलं तर अंदाजाने बोलावं लागतं, आणि दुसऱ्याच्या आईच्या बाबतीत अंदाज मला पटत नाही.

पण धास्तीही तेवढीच वाटते. त्या पिशवीत अख्ख्या तालुक्यातल्या लोकांची दुखणी आहेत, कुणाचा टीबी, कुणाची मनाची औषधं, कुणाच्या मुलीचे रिपोर्ट. गाडीतून पिशवी गेली तर? पावसात भिजली तर? मिस्टर म्हणतात सगळं क्लाउडवर टाक आणि दोन वेगळी मशीन ठेव. आमचे कंपाउंडर म्हणतात मॅडम डेस्कटॉप घ्या, टेबलावरून हलणारच नाही, चोरायला नको आणि हरवायला नको. तुम्ही कसं करता? आणि पेशंट म्हणून तुम्हाला काय वाटतं तेही सांगा.

टिळकवाडीकर

एकच लॅपटॉप. दोन मशीन म्हणजे दोन वह्या, आणि दोन वह्या म्हटल्या की एकीत एक लिहिलेलं आणि दुसरीत दुसरं. विषय संपला.

डॉ_घटप्रभा

विषय एवढ्यात नाही संपत ओ टिळकवाडीकर. मी गोकाकला लहान मुलांचा दवाखाना चालवतो. माझ्याकडे दवाखान्यात डेस्कटॉप आणि घरी टॅब, दोन्ही एकाच ऑनलाइन सॉफ्टवेअरला जोडलेले. नेट चालू असतं तोवर यासारखं सुख नाही. लसीकरणाचं कार्ड, वजनाचा आलेख, सगळं घरी सोफ्यावर दिसतं. पण रस्ता रुंदीकरणात कुणी केबल तोडली की दिवसभर मी कागदावर आणि रात्री बसून ते सगळं परत भरायचं. लहान मुलांत डोस वजनावर असतो, म्हणून मागचं वजन दिसलं नाही की माझं काम अडतंच.

ताईंना माझा सल्ला एवढाच की सॉफ्टवेअर नेटशिवाय चालणारं असू द्या आणि नेट आलं की आपोआप वर चढवणारं. खानापूर तालुक्याचा पाऊस मी बघितलाय. कणकुंबी, जांबोटीकडे जून लागला की लाईट आणि रेंज दोन्ही बेभरवशाचे. डेस्कटॉपला यूपीएस किती वेळ तारणार? लॅपटॉप चार तास तरी स्वतःच्या बॅटरीवर काढतो. कंपाउंडरांचं म्हणणं चोरीच्या बाबतीत बरोबर आहे, लाईटच्या बाबतीत नाही.

कॅम्पातला_रिपेरवाला

मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. डॉक्टर लोकांची मशीन भरपूर येतात, आणि बिघाड जवळपास ठरलेले असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक, सॅनिटायझर. हाताला चोळायचं आणि ओल्या हाताने लगेच कीबोर्डवर. पहिल्यांदा अक्षरं पुसतात, मग खालची पातळ शीट चिकटते, मग एंटर दाबलं की दहा ओळी पुढं. हात वाळू द्या, अर्धा मिनिट लागतं. कीबोर्ड पुसायचा तर मशीन बंद करून, कापडाला जरासं आयसोप्रोपिल लावून, बाटली कधीही थेट मशीनवर उपडी करायची नाही.

दुसरं म्हणजे पिशवीत जिवंत लॅपटॉप. झाकण मिटलं की बंद झाला असं सगळे समजतात, तो झोपलेला असतो. आणि कधी कधी तो पिशवीत जागा होतो, आतल्या आत तापतो, घरी पोचेपर्यंत बॅटरी संपलेली. असं वर्ष दोन वर्ष चाललं की बॅटरी फुगते, टचपॅड वर येतो. निघताना शट डाऊन, किमान हायबरनेट.

आता डिस्क. जुन्या मशीनमधे फिरणारी हार्डडिस्क असते, तिच्यात चकती आणि सुई यांच्यात केसाएवढंही अंतर नसतं. ती फिरत असताना लोंढ्याच्या रस्त्यावरचा एक खड्डा पुरे होतो. एसएसडीमधे फिरणारं काही नाही, तिला खड्ड्याची भीती नाही. ताई, तुमच्या मशीनमधे कुठली आहे ते आधी बघा. जुनी असेल तर बदलून घ्या, नवा लॅपटॉप घ्यायची गरज नाही.

आणि स्क्रीनचा एक कोपरा धरून मशीन उचलू नका. बिजागरी तिथेच जाते. एका हातात स्टेथो, एका हातात लॅपटॉप, हे रोजचं दृश्य आहे.

निपाणीची_सून

रिपेरवाले भाऊ, सॅनिटायझरचं सांगितलंत ते फार बरं केलंत, पण माझं गाऱ्हाणं उलट बाजूचं आहे. आमच्याकडे दीर डॉक्टर. दिवसभर तो लॅपटॉप तपासणीच्या टेबलाशेजारी, खोकणारी शिंकणारी माणसं समोर, आणि रात्री तोच आमच्या जेवणाच्या टेबलावर आमटीच्या भांड्याशेजारी! सासूबाई म्हणतात आधी त्याला दारात चपला काढायला लावा. आता नियम केलाय, घरी आल्यावर पुसायचा आणि त्याची जागा फक्त दिवाणखान्यातल्या खिडकीपाशी. नातवंडांनी त्याला हात लावायचा नाही अशी ताकीद. ताकीद मुलांना नाही, दिरांना, कारण तेच मुलांना कार्टून लावून द्यायचे.

डॉ_घटप्रभा

निपाणीच्या वहिनी, हे शेवटचं फार महत्त्वाचं. घरच्या मुलांनी त्याच मशीनवर गेम उतरवायचा आणि त्याच मशीनवर पेशंटची माहिती, हे चालणारच नाही. वेगळं लॉगिन करून दिलं तरी नको.

कंपाउंडर_अण्णा

मी बत्तीस वर्षं कंपाउंडर आहे, सध्या हुक्केरी भागात. डॉक्टर लॅपटॉप घरी नेतात तेव्हा दवाखान्यात मागं काय होतं ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

डॉक्टर यायच्या आधी तास दीड तास माणसं येऊन बसलेली असतात. पूर्वी मी नाव विचारून केसपेपर काढून ठेवायचो, वजन लिहायचो, बीपी लिहायचो, डॉक्टर आले की गाडी सुरू. आता मशीन डॉक्टरांच्या पिशवीत, म्हणून मी परत चिठ्ठीवर लिहितो आणि डॉक्टर परत ते मशीनमधे घालतात. एकच काम दोनदा. म्हणून आम्ही म्हणतो एक मशीन दवाखान्यातच राहू दे. आळस म्हणून नव्हे.

दुसरी अडचण नावांची. आमच्या भागात एकच माणूस आधारवर एका स्पेलिंगनं, रेशनकार्डावर कन्नडमधून आलेल्या दुसऱ्या स्पेलिंगनं, आणि स्वतः सांगताना तिसऱ्याच नावानं. परशराम, परशुराम, परसू. लक्ष्मीबाई, लक्ष्मव्वा, लक्कव्वा. नवीन पोरगं मशीनवर बसवलं की नाव सापडलं नाही म्हणून नवीन नोंद करून टाकतं. मग एकाच बाईची तीन रेकॉर्ड, आणि पेनिसिलीन चालत नाही हे त्यातल्या एकातच. केसपेपरच्या काळात मी चेहरा बघून पेपर काढायचो. मशीनला चेहरा कळत नाही. मोबाईल नंबरवर शोधायचं तर अख्ख्या घराला एक नंबर, तोही पोरगा पुण्याला गेला की बदलतो.

आमच्याकडे उपाय असा केलाय, जुनाच केसपेपर नंबर मशीनमधे ठेवला आणि तो नंबर लॅमिनेट केलेल्या बारक्या कार्डावर पेशंटला दिला. म्हातारी माणसं ते कार्ड देवाच्या फोटोमागं ठेवतात पण आणतात हो बरोबर!

मलप्रभाकाठ

अण्णा, नमस्कार तुम्हाला. आमचे कंपाउंडर हेच सांगत असणार, मी फक्त चोरीचं तेवढं ऐकलं. पेनिसिलीनचं वाचून तर आज बसून दुहेरी नोंदी शोधायला घेतल्या.

चंदगडी_वारा

पेशंटच्या बाजूनं लिहितो. आम्ही महाराष्ट्रातले, चंदगड तालुका, पण आमचा दवाखाना बेळगावच. कोल्हापूर लांब पडतं. वडिलांचं हार्टचं एक डॉक्टर बेळगावात, अँजिओ झाली कोल्हापुरात, मधेच एकदा मिरजेला दाखवलं. प्रत्येक ठिकाणच्या मशीनमधे वडिलांचा एक एक तुकडा. सगळं मिळून बघायचं तर आमच्याकडची प्लास्टिकची पिशवी हेच खरं रेकॉर्ड. डॉक्टर मशीन घरी नेतात की दवाखान्यात ठेवतात याच्याशी आमचं काही अडत नाही, पण आम्हाला प्रत्येक वेळी छापील कागद द्या. स्क्रीनवर दाखवून "बघा हे असं आहे" म्हटलं तर पुढच्या डॉक्टरला आम्ही काय दाखवायचं?

आणि एक, रागवू नका, पण बोलताना आमच्याकडे बघा. वडील सांगत असतात छातीत कसं होतं, हात छातीवर कसा ठेवून सांगतात ते डॉक्टरांना दिसतच नाही, ते टाईप करत असतात.

डॉ_घटप्रभा

चंदगडकर, रागवायचं कशाला. मूठ छातीवर आवळून सांगणं आणि एका बोटाने जागा दाखवणं, यावरूनच आम्हाला अर्धी दिशा मिळते. ते दिसायलाच पाहिजे. मी टेबल बदललं. मशीन समोर न ठेवता डाव्या बाजूला काटकोनात, पेशंट उजव्या हाताला, मधे काहीच नाही. आधी ऐकायचं, तपासायचं, मग मशीनकडे वळायचं आणि वळताना सांगायचं की आता लिहून घेतो. स्क्रीन पेशंटलाही दिसेल अशी. आईलाच वजनाचा आलेख दाखवला की खाण्यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

कुंदा_स्पेशल

चंदगडी_वारा, तुमच्या पिशवीवरचा उपाय म्हणजे आभा. माणसाच्या आरोग्याच्या नोंदी जोडणारा १४ आकडी नंबर, केंद्राच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला, सप्टेंबर २०२१ पासून देशभर चालू आहे. राज्य कुठलंही असो नंबर तोच, त्यामुळे सीमाभागातल्या माणसाला खरा उपयोग. पेशंटने संमती दिली की एका दवाखान्याचं रेकॉर्ड दुसऱ्याला दिसतं. अट एकच, दोन्ही दवाखान्यांचं सॉफ्टवेअर त्याला जोडलेलं पाहिजे, आणि तिथेच अजून घोडं अडलंय.

येळ्ळूर_शिवार

आभाचं ठीक, पण योजनांचं काय? इकडं कर्नाटकाची मोफत उपचारांची योजना वेगळी, तिकडं महाराष्ट्राची महात्मा फुले योजना वेगळी. महाराष्ट्राने २०२३ मधे सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले लागू केली तेव्हा इकडे केवढा गदारोळ झाला. आजारी माणसाला उपचार मिळाले पाहिजेत, पैसे कुठल्या सरकारचे यावरून भांडण कशाला? या प्रश्नावर

टिळकवाडीकर

येळ्ळूरकर, तुमचं वाक्य मुद्दाम मधेच तोडलं असं समजा. सीमाप्रश्नाला आपल्याकडे वेगळा धागा आहे आणि तो १९५६ पासून चालू आहे. इथं लॅपटॉपवर राहू.

येळ्ळूर_शिवार

बरं. तिकडं लिहितो. पण लिहिणार.

पंचकार्ड_ते_पेनड्राइव्ह

लॅपटॉप ने-आण करायला जड वाटतो म्हणणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी थोडा इतिहास. १९८१ मधे ऑस्बोर्न १ नावाचा संगणक आला, पोर्टेबल म्हणूनच विकला गेला. वजन जवळपास ११ किलो, स्क्रीन ५ इंची, आणि बॅटरी नाही. शिलाई मशीनच्या पेटीएवढा. नेऊन टेबलावर ठेवायचा, झाकण काढायचं, वायर लावायची. पुढं कॉम्पॅकचा आला तो त्याहून जड. तरी परदेशात हिशेबनीस, वकील, डॉक्टर असली मशीन ऑफिसातून घरी न्यायचेच, कारण काम घरी संपवायची गरज तेव्हाही होती. त्या काळात पिशवी हरवली तर फ्लॉपीवरच्या थोड्याशा नोंदी जायच्या. आता दीड किलोच्या मशीनमधे तालुका मावतो. वजन कमी झालं आणि जबाबदारी वाढली, ती पेलायची तर खालच्या गोष्टीकडे लक्ष द्या.

विंडोजचा पासवर्ड म्हणजे कुलूप नव्हे. लॅपटॉप उघडून डिस्क काढली आणि दुसऱ्या मशीनला लावली की सगळं वाचता येतं. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय ती कुठल्याच मशीनवर वाचता येणार नाही. विंडोज प्रोमधे बिटलॉकर आहे, होम आवृत्तीत बऱ्याच नव्या मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन मिळतं, मॅकवर फाईलव्हॉल्ट. त्याची रिकव्हरी की (बिटलॉकरची ४८ आकडी असते) कागदावर छापून घरच्या कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या पिशवीत नको. हे केलं तर पिशवी गेली तरी तुमचं मशीन गेलं, पेशंटची अब्रू राहिली. आणि अजून विंडोज १० वापरत असाल तर त्याचा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ते बदला.

कॅम्पातला_रिपेरवाला

काकांना शंभर टक्के अनुमोदन. फक्त एन्क्रिप्शन चालू करायच्या आधी बॅकअप घ्या. की हरवली तर मी काय, कुणीच काही करू शकत नाही. लोक येऊन हात जोडतात, डोळ्यात पाणी असतं, आणि मला नाही म्हणावं लागतं.

बॅकअपचं पण सांगतो. चालू सॉफ्टवेअरची डेटाबेस फाईल सरळ ऑनलाइन ड्राइव्हच्या, आपोआप वर चढणाऱ्या सिंक फोल्डरमधे ठेवू नका. उघडी असताना ती अर्धवट वर चढते आणि दोन्हीकडे खराब होते. सॉफ्टवेअरमधून रोज बॅकअप फाईल काढा, ती एका बाहेरच्या डिस्कवर आणि एक ऑनलाइन. बाहेरची डिस्क त्याच पिशवीत ठेवणारे डॉक्टर मी बघितलेत. पिशवी गेली की दोन्ही गेलं.

सोनो_शहापूर

एक वेगळीच सावधगिरी. आजकाल सोनोग्राफी मशीन दिसायला अगदी लॅपटॉपसारखी असतात, झाकण, कीबोर्ड, हँडल सगळं. कुणी नवीन डॉक्टर हा धागा वाचून तेही घरी न्यायचा विचार करत असेल तर अजिबात नको. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यात मशीन नोंदणीकृत जागेशी बांधलेलं आहे, पोर्टेबल मशीन नोंदणी झालेल्या जागेच्या आत दाखल पेशंटसाठी किंवा नोंदणीकृत फिरत्या आरोग्य पथकातच वापरता येतं. मुलींचा जीव वाचावा म्हणून हा कायदा आहे आणि मी तो मनापासून पाळतो. फॉर्म एफ, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म, भरायचा लॅपटॉप वेगळा, सोनोचं मशीन वेगळं.

कोर्टगल्ली

वकिली करतो, म्हणून दोन गोष्टी. भरती झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड किमान तीन वर्षं ठेवायचं आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं, हे २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या आचारसंहितेत आहे. मशीन डॉक्टरांच्या घरी होतं आणि डॉक्टर गावाला गेले होते, हे कारण चालत नाही. दुसरं, डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मधे झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मधे निघाले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत. माहिती सांभाळायची जबाबदारी ज्याने ती गोळा केली त्याची, म्हणजे छोटा दवाखानासुद्धा. क्लाउड कंपनीचं नाव सांगून हात झटकता येणार नाहीत.

डॉ_घटप्रभा

आणि रात्रीच्या फोनचं राहिलंच. टेलिमेडिसिनच्या २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फोनवरचा सल्ला हाही सल्लाच. पेशंटला गेल्या सहा महिन्यांत त्याच आजारासाठी प्रत्यक्ष बघितलं असेल तर तो फॉलोअप धरला जातो. नोंद ठेवावी लागते. म्हणून ताई, घरी रेकॉर्ड नुसतं बघायला नको, लिहायला पण पाहिजे. रात्री साडेदहाला काय सांगितलं ते तिथल्या तिथं लिहा. चंदगडच्या पेशंटचा फोन आला तरी राज्य आड येत नाही, देशात कुठूनही सल्ला देता येतो. फक्त शेड्यूल एक्स (कडक नियंत्रणाखालची) आणि नार्कोटिक औषधं फोनवर नाहीत.

निपाणीची_सून

मला एक विचारायचंय. डॉक्टरांनी रात्री साडेदहाला फोन घ्यायचा, लिहायचं, पुसायचं, बॅकअप काढायचा. मग डॉक्टरांनी जेवायचं कधी? दिरांचं ताट झाकून ठेवलेलं असतं रोज. मशीन घरी आलं की दवाखाना घरी येतो, हे घरच्यांना विचारा.

मलप्रभाकाठ

वहिनी, बरोबर बोललात. आमच्याकडेही मुलगी म्हणते आई घरी आहे पण दिसत नाही. म्हणून आता वेळ ठरवतेय. नऊच्या आत यादी पुरी करायची, नंतर मशीन उघडायचं ते फोन आला तरच.

सगळ्यांचं वाचून माझं असं ठरलंय. दवाखान्यात एक साधं मशीन कंपाउंडरांसाठी कायमचं, वजन, बीपी, नोंदणी त्यावर. माझा लॅपटॉप त्याला दवाखान्यातल्या वायफायवर जोडायचा, निघताना ताजी प्रत घेऊन घरी. रात्रीची नोंद सकाळी परत त्यात. त्यामुळे नेट नसलं तरी दोन्हीकडे रेकॉर्ड आहे. एन्क्रिप्शन या आठवड्यात. पेशंटला छापील कागद प्रत्येक भेटीला, चंदगडच्या दादांचं ऐकून प्रिंटर टेबलाजवळच हलवला.

टिळकवाडीकर

म्हणजे शेवटी दोन वह्याच. माझं मत बदललेलं नाही, नोंदवून ठेवतो.

पंचकार्ड_ते_पेनड्राइव्ह

टिळकवाडीकरांची शंका रास्त आहे. रात्री तुम्ही घरी लिहिलं आणि सकाळी तुम्ही पोचायच्या आधी कंपाउंडरांनी त्याच पेशंटचं बीपी टाकलं तर कुठली नोंद राहणार? सॉफ्टवेअरवाल्यांना हाच प्रश्न विचारा आणि दोन खोट्या नावांनी समोर करून दाखवायला सांगा. "होतं हो सगळं" असं म्हणाले तर ऐकू नका.

मलप्रभाकाठ

आज दुपारी केलं तसंच. नवीन नोंद वेगळी ओळ म्हणून बसते, पुसली जात नाही. पण औषधांची यादी दोन्हीकडे बदलली तर शेवटची तेवढी राहते. म्हणून औषधांची यादी बदलायचा अधिकार फक्त माझ्या लॉगिनला ठेवला, कंपाउंडरांना ती नुसती दिसते.

कंपाउंडर_अण्णा

हे बेस केलंत मॅडम. आणि चार्जर दोन घ्या. एक दवाखान्यात, एक घरी. आमच्या डॉक्टरांचा चार्जर नेहमी चुकीच्या गावात असतो.